राजा, दोष कोणाचा? 'सुपरनॅचरल'चे खलनायक, अण्णा नाईक आणि आमचं थकलेलं भाडं

रात्रपाळी | रविवार, पहाटे ४:५०

सुट्टी असली तरी आम्हा रात्रपाळीवाल्यांना रात्री झोप कुठली. शरीराला कोण सांगणार की आज ऑफिस नाही? मग मी आपला 'सुपरनॅचरल' लावून बसतो. २००५ ते २०२०, पंधरा सीझन, ३२७ भाग. दुसरं पारायण चालू आहे आणि सध्या मुक्काम सातव्या सीझनमध्ये.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ. काळी इम्पाला गाडी, डिकीत मीठ, बंदुका आणि सुरे. अमेरिकाभर फिरून भुतं-पिशाच्चं मारायची, पगार शून्य, क्रेडिट कार्डं खोटी. २ नोव्हेंबर १९८३ ला पिवळ्या डोळ्यांच्या एका डीमनने त्यांच्या आईला घरात जाळून मारलं, तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे सगळा स्पॉयलरच आहे. मालिका संपून वर्षं झाली, तेव्हा तक्रार करू नका.

तर मुद्दा. हल्ली खलनायकाला 'खोली' द्यायची म्हणजे त्याला लहानपणी बाप बेल्टने मारायचा असं दोन मिनिटं दाखवायचं, मागे सारंगी. झाली खोली. मला ते पटत नाही. माझ्या मते खलनायक खरा गुंतागुंतीचा कधी होतो, तर एखाद्या बाबतीत तो नायकापेक्षा सरळ निघतो तेव्हा.

माझा माणूस क्राउली. नरकाचा राजा, मुळात स्कॉटलंडमधला शिंपी. तिठ्यावर जाऊन आपल्याकडे जसा उतारा ठेवतात, तसं त्यांच्याकडे चार रस्ते मिळतात तिथे डबी पुरायची आणि डीमनला बोलवायचं. सौदा साधा: मागशील ते देतो, दहा वर्षांनी आत्मा माझा. सातव्या सीझनमध्ये क्राउलीच्या हाताखालचा एक डीमन पळवाट काढून दहा वर्षं भरायच्या आधीच गिऱ्हाइकांना उडवायला लागतो. क्राउली स्वतः हजर होतो आणि त्याचा कान धरतो. का? तर म्हणे गिऱ्हाइकाचा विश्वास गेला तर धंदा संपला, हा नरक आहे, इथे सचोटी लागते.

मी तो प्रसंग पाहिला आणि पॉज करून बसलो. आमची लालबागची चाळ पाडून अडीच वर्षं झाली. पुनर्विकास. विकासकाने स्टॅम्प पेपरवर सह्या करून दिल्यात, दर महिन्याचं भाडं अमुक, कॉर्पसची एकरकमी रक्कम तमुक. चौदा महिने भाडं आलेलं नाही, आम्ही कांजूरला पदरचे भरतोय. फोन केला की साहेब साइटवर. नरकाचा राजा तारखेला पक्का आणि हा देवघरात ताजी फुलं लावणारा माणूस असा. सांगा खलनायक कोण ते.

असो, आता खरा प्रश्न. लहानपणी चांदोबा वाचलेल्यांनी पाठीवर प्रेत घ्यावं आणि ऐकावं.

एमी नावाची एक बाई. जात कित्सुने, म्हणजे माणसाच्या मेंदूतली एक ग्रंथी खाऊन जगणारी. सॅम शाळकरी पोरगा असताना त्याला वाचवायला तिने स्वतःच्या आईला मारलं होतं. मोठी झाल्यावर ती शवागारात नोकरी धरते आणि मेलेल्यांचं खाऊन गुपचूप जगते. मग तिचा मुलगा आजारी पडतो. शिळं चालत नाही, ताजं लागतं. ती माणसं मारते, मुलगा बरा होतो, ती थांबते. सॅम तिला शोधून काढतो, ऐकून घेतो आणि सोडून देतो. डीन त्याला म्हणतो ठीक आहे, तुझ्यावर विश्वास आहे. आणि नंतर एकटा जाऊन तिच्या छातीत सुरा घालतो. मुलगा दारात उभा राहून बघतो. भावाला हे डीन पुढचे काही भाग सांगतच नाही.

राजा, दोष कोणाचा? एमीचा, सॅमचा की डीनचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलात तर डोक्याची शंभर शकलं होऊन तुमच्याच पायाशी लोळतील.

ठाकुर्ली_फास्ट | रविवार, सकाळी ८:१२

पहिला!

डीन बरोबर. मुलगा आजारी आहे म्हणून खून माफ करायचे असतील तर केईएमच्या आवारात बसलेल्या प्रत्येक आईबापाच्या हातात सुरा द्या. आणि ती 'पुन्हा मारणार नाही' म्हणते. मुलगा पुन्हा आजारी पडला तर? तेव्हा काय मोसंबी देणार त्याला?

अवांतर: भाड्याबद्दल वाईट वाटलं. आमच्या मेहुण्याचंही तेच झालंय.

बटाटेपोहे | रविवार, सकाळी ९:०५

ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही. तुमच्या तर्कालाही स्टेशन दिसत नाही.

अॅडव्होकेट_खोचक | रविवार, सकाळी ११:४०

मेगाब्लॉक असल्याने घरीच आहे, सबब सविस्तर लिहिते.

एक. रात्रपाळी, तुमच्या लाडक्या क्राउलीचा करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ खाली कचऱ्याच्या पेटीत जाईल. करारामागचा हेतू सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल तर करार रद्दबातल. आत्मा गहाण टाकणं अजून तरी धोरणात बसत नाही. तुमच्या विकासकाचा करार मात्र पूर्ण वैध आहे, म्हणून तोच जास्त त्रास देतो. सगळ्या भाडेकरूंची मिळून एकच तक्रार करा, सुटी सुटी पत्रं पाठवू नका.

दोन. 'सरळ' कोण हे शोधायचं तर डीमनांपेक्षा देवदूतांकडे बघा. मालिकेत नियम आहे: डीमन कोणाच्याही शरीरात घुसतात, देवदूताला मात्र त्या माणसाची संमती लागते. ऐकायला किती सभ्य! आता पाचव्या सीझनचा पहिलाच भाग आठवा. डीनने मायकेल या बड्या देवदूताला 'हो' म्हणावं, शरीर द्यावं, म्हणून झकारिया नावाचा दुसरा देवदूत त्याला पोटाचा शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर देतो आणि सॅमची फुप्फुसं काढून घेतो. आणि विचारतो, आता काय म्हणतोस? कलम १४ म्हणतं संमती मुक्त हवी, कलम १५ मध्ये धाकदपटशा काय ते लिहिलंय. देवदूतांना संमती नको असते, फक्त सही हवी असते. माझ्या पंधरा वर्षांच्या वकिलीत 'तिने स्वतःहून सही केली' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की तो प्रसंग बघताना मला भुतांची नव्हे, किल्ला कोर्टाच्या जिन्याची आठवण झाली.

तीन. एमी. ती मेली याचं मला फारसं वाटलं नाही. मला खटकतं ते हे, की पुढच्याच सीझनमध्ये डीन बेनी नावाच्या व्हॅम्पायरला गळामिठी मारतो. का, तर तो पर्गेटरीत, म्हणजे मेलेल्या राक्षसांच्या जगात, याच्या पाठीला पाठ लावून लढला. सॅम तेव्हा एमीचं नाव काढतो आणि डीनकडे उत्तर नसतं. गुन्हा तोच, आरोपी ओळखीचा असला की न्याय वेगळा. त्यामुळे माझं उत्तर: दोष डीनचा, सुऱ्यासाठी नाही तर मोजपट्टीसाठी.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:१५

ताई, दंडवत. वाचनखूण साठवली आहे. सगळ्यांची मिळून तक्रार हा सल्ला आमच्या ग्रुपवर टाकला, तिथे 'आधी पुढाकार कोण घेणार' यावर भांडण जुंपलंय.

मालवणी_मसाला | रविवार, दुपारी ३:३०

मी ही इंग्रजी मालिका बघूक नाय, पण भुतांचो विषय निघालो आणि मालवणी माणूस गप बसात?

आमच्या आरवलीचो वेतोबा भुतांचो राजा. पण गावाक तेचो भय नाय, आधार असा. तेका चामड्याची ही मोठी चपला वाहतंत, केळ्यांचे घड दितंत. रात्री तो राखण करूक गावभर फिरता आणि म्हणान चपला झिजतंत, असा जुनी माणसा सांगतंत. मगे सांगा, तो खलनायक की राखणदार?

२०१६ त 'रात्रीस खेळ चाले' लागला तेव्हा आमच्या परळच्या खोलीत चाळभरची माणसा येत. पांडू 'इसारलंय' म्हणालो की पोरा लोळान हसत. माझी आजी काय हसा नाय. ती म्हणा, 'भूत वायट नसता रे. तेचा काय तरी हय रवलेला असता.' अण्णा नाईक मेलो तरी वाडो सुटलो नाय तेका. जमीन सुटली नाय. ह्या माका कळता, कारण आमच्या घरातय एका फणसाच्या झाडावरना दोन पिढ्यो बोलणा बंद असा.

शेवग्याची_शेंग | रविवार, रात्री १०:२०

मसालेदादा, आजीचं वाक्य वहीत लिहून घेतलं. पण अण्णावरून मला बोलायचंच होतं.

२०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा सुरुवातीलाच मेलेला आहे, घरावर फक्त सावली. २०१९ चं दुसरं पर्व त्याच्या आधीचं, त्यात अण्णा जिताजागता. माधव अभ्यंकरांनी असा उभा केला की महाराष्ट्र वेडा झाला. चाल, नजर, आवाज, सगळं. जमिनी लाटणारा, बायकोला धाकात ठेवणारा, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा माणूस, आणि आपण काय केलं? मीम. शेवंताचे फोटो, अण्णांचे स्टिकर. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर बॉसला प्रेमाने अण्णा म्हणायचे. त्याला आवडायचंही.

तर माझं म्हणणं असं की अण्णा अजिबात गुंतागुंतीचा नाही. त्याला हवं असतं आणि तो घेतो, एवढंच आहे. गुंतागुंत आहे त्याच्या बायकोत, माईत. तिला सगळं कळतं. रात्री नवरा कुठे जातो ते कळतं, कोणाची जमीन कशी आली ते कळतं. ती रडते, देवापुढे दिवा लावते आणि सकाळी त्याच्यापुढे पेजेचं ताट ठेवते. शकुंतला नरेंनी ते काम इतकं साधं केलंय की ते कोणाला कामच वाटलं नाही. भीतीने गप्प बसलेली माणसं निर्दोष असतात का? मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात एक माई होती, म्हणून.

आणि रात्रपाळी, तुम्हाला एक विचारते. शब्दाचा पक्का क्राउली, ठीक. सारा ब्लेक आठवते?

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:०५

नाव ओळखीचं वाटतंय. पहिला सीझन?

शेवग्याची_शेंग | सोमवार, सकाळी ७:५०

बघा. नेमकं हेच.

लोकलमध्ये आहे, उभ्याने टाइप करतेय. पहिल्या सीझनमधली लिलावघराच्या मालकाची मुलगी, भुताटकीच्या चित्राचा भाग. सॅमला आवडली होती. आठव्या सीझनच्या शेवटी क्राउली काय करतो? या भावांनी आजवर वाचवलेली माणसं शोधून काढतो आणि एकेकाला मारतो. साराचं तोवर लग्न झालेलं, घरी लहान मुलगी. मोटेलच्या खोलीत, सॅम आणि डीन समोर असताना, सगळी खोली उलटीपालटी करून करणीची पुरचुंडी शोधतायत आणि ती मरते. पुरचुंडी टेलिफोनच्या आत होती.

तो भाग ८ मे २०१३ चा. पुढचा भाग १५ मे चा. त्या पुढच्या भागात क्राउली चर्चमध्ये साखळीने बांधलेला असतो, त्याला पुन्हा माणूस करायला सॅम त्याच्या अंगात माणसाचं रक्त टोचतो आणि तो रडत म्हणतो की माझ्यावरही कुणी प्रेम करावंसं वाटतं. तुम्ही रडलात ना? मीपण रडले. सात दिवसांत सारा विसरलो आपण. खलनायकाला आपलं माणूस करायला लेखकाला एक आठवडा पुरला.

घाटकोपर आलं.

ठाकुर्ली_फास्ट | सोमवार, सकाळी ९:३०

+१. धागा भलतीकडे चाललाय. डबा उघडून बसलोय.

गुरुजी_निवृत्त | सोमवार, सायंकाळी ५:४५

मी पार्ल्यात छत्तीस वर्षे मराठी शिकवले. ही मालिका नातवामुळे पाहिली. पहिले पाच सीझन त्याच्यासोबत, पुढचे दहा त्याच्याशिवाय, कारण तो पुण्याला शिकायला गेला आणि मला चटक लागली होती.

श्री. रात्रपाळी यांनी शब्द पाळण्याचा मुद्दा काढला म्हणून आठवण करून देतो. आपल्याकडे शब्दासाठी प्रसिद्ध असलेला असुर म्हणजे बळी. बटूच्या रूपात कोण आले आहे हे शुक्राचार्यांनी त्याला आधीच सांगितले होते. तीन पावले जमीन दिलीस तर सर्वस्व जाईल हे ठाऊक असून त्याने पाणी सोडले आणि तिसऱ्या पावलासाठी डोके पुढे केले. देव जिंकले, तो पाताळात गेला, आणि आपल्या आयाबहिणी आजही बलिप्रतिपदेला ओवाळताना काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. जिंकलेल्याचे राज्य मागत नाहीत, हरलेल्याचे मागतात.

आता क्राउली. तो शब्द पाळतो, कारण त्यात धंदा आहे. तोटा होणार असता तर पाळला असता का? मालिकेत अनेकदा नाही पाळला. तेव्हा बळीच्या पंक्तीला त्याचे पान मांडू नये. तो हुशार दुकानदार आहे. तुमचा विकासक हुशारही नाही, एवढाच फरक.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करणारा खलनायक डीमन नाही, देवदूतही नाही. तो माणूस आहे, गॉर्डन वॉकर. स्टर्लिंग के. ब्राऊन या नटाने केला आहे. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात तो येतो. व्हॅम्पायरांचा एक गट लेनोर नावाच्या बाईच्या नेतृत्वाखाली गुरांचे रक्त पिऊन राहत असतो, माणसाला हात लावत नाही. गॉर्डनला ते ऐकायचेच नाही. त्याची बहीण व्हॅम्पायर झाली होती, आणि त्याने तिला स्वतः मारले होते. विचार करा. लेनोर चांगली असू शकते हे त्याने मान्य केले तर बहिणीला मारले ते काय होते? त्याची सगळी निष्ठुरता त्या एका प्रश्नावर ठेवलेला दगड आहे. उचलता येत नाही.

पुढे तिसऱ्या सीझनमध्ये तो स्वतःच व्हॅम्पायर होतो. आणि तरी सॅमला मारायलाच निघतो, कारण हा मुलगा एक दिवस जगाचा घात करणार अशी त्याची खात्री. सॅम तारेने त्याचे मुंडके उडवतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग चौथ्या सीझनच्या शेवटी काय होते? ल्यूसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, तुरुंगाचे सहासष्टावे सील कोण तोडतो आणि त्याला बाहेर कोण काढतो? सॅम. आणि पहिले सील? नरकात छळ सोसून सोसून शेवटी स्वतः सुरी हाती घेतलेला डीन.

गॉर्डन चुकीचा होता असे मी वर्गात कधी ठामपणे शिकवू शकलो नसतो.

बटाटेपोहे | सोमवार, सायंकाळी ६:१०

गुरुजी, तो बरोबर निघाला हा योगायोग आहे हो. बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ सांगतं. सॅमला लहानपणापासून 'तू राक्षस होणार' असं दहा जणांनी ऐकवलं, म्हणूनच तो रुबी नावाच्या डीमनच्या नादी लागून डीमनचं रक्त प्यायला लागला असं का म्हणू नये?

गुरुजी_निवृत्त | सोमवार, सायंकाळी ७:००

म्हणावे. मलाही तसे वाटते, पण मंगळवारी वाटते. सोमवारी गॉर्डन बरोबर वाटतो.

बटाटेपोहे | सोमवार, सायंकाळी ७:०४

खिक्!

चष्मिष्ट | सोमवार, रात्री ११:३०

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' मालिकेतला मेयर कोणीच काढला नाही? १९९८-९९ चा तिसरा सीझन. जंतूंना घाबरणारा, शिव्या न देणारा, फेथ नावाच्या पोरीवर बापासारखी माया करणारा. तो तिला सुरा भेट देतो आणि दूध पी म्हणून सांगतो. त्याला राक्षसी साप होऊन गाव गिळायचंय, पण ती कोमात गेल्यावर तो खरोखर कोसळतो. दुःखी बालपण वगैरे काही नाही. प्रेम खरं, दुष्टपणा खरा, दोन्ही एकाच ताटात.

आणि मराठीत नीलम शिर्केची सुलेखा. 'असंभव'. पुनर्जन्म घेऊन आलेला सूड. ती गोड बोलायला लागली की आमची आई टीव्हीसमोर 'मेली आली बघ' म्हणायची आणि जाहिरात लागेपर्यंत भाजी करपायची. ती किती गुंतागुंतीची होती ते सोडा, कॉलनीत ज्यांच्या सुना आवडत नव्हत्या त्यांना त्या काळात सुलेखा हे नाव पडलं होतं.

अॅडव्होकेट_खोचक | मंगळवार, सकाळी १०:१५

सुनेला सुलेखा आणि बॉसला प्रेमाने अण्णा. शेंगताई, नोंद घ्या.

मालवणी_मसाला | मंगळवार, दुपारी १२:००

प्रतिसाद काढून टाकला आहे

मालवणी_मसाला | मंगळवार, दुपारी १२:०३

तिसऱ्या पर्वाबद्दल लिवलेलंय, पण मगे वाचलंय तर माकाच पटना नाय. म्हणान काढलंय. माईचा मात्र खरा असा. आमच्या आजीकय सगळा म्हायत होता.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ५:१०

दोन दिवस लिहिलं नाही, कारण शेंगताईंनी सांगितलेले दोन्ही भाग लागोपाठ पाहिले. २०१३ साली मध्ये आठवडा होता, मी मध्ये फक्त चहा केला.

आता कबूल करतो. तसे पाहिले की चर्चचा प्रसंग वेगळाच दिसतो. रक्ताची सुई दर तासाला, क्राउली हळूहळू माणसात येत चाललाय. एका क्षणी तो सॅमला विचारतो की माफी मागायची तर सुरुवात तरी कुठून करू. पहिल्या वेळी मला ते जगातलं सगळ्यात केविलवाणं वाक्य वाटलं होतं. या वेळी मी स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणालो, साराच्या घरापासून कर ना. यादी तर तुझ्याकडेच आहे. ज्याला तो विचारतोय त्या सॅमने आठवड्यापूर्वी तिला जमिनीवर पडताना बघितलंय. आणि तो प्रसंग तिचं नाव घेत नाही. सॅमही घेत नाही. घेतलं असतं तर आपण क्राउलीसाठी रडलो नसतो, हे लेखकांना नीट ठाऊक असणार.

बायको उठून आली, म्हणाली कोणाशी भांडतोयस. म्हटलं नरकाच्या राजाशी. म्हणाली त्यापेक्षा बिल्डरशी भांड.

तर गुरुजींचा दुकानदार मला मान्य. 'शब्दाला पक्का म्हणून सरळ' हे माझं वाक्य मागे घेतो. पण क्राउलीवर पाणी सोडायला अजून मन तयार नाही. बाराव्या सीझनचा शेवट घ्या. दुसऱ्या जगाची फट बंद करायला एक जीव हवा असतो. क्राउली स्वतःच्या पोटात देवदूतांचा सुरा खुपसतो. सौदा नाही, दहा वर्षं नाहीत, समोरून काही मिळणार नाही. आठ सीझनांत त्याची ही एकच गोष्ट मला तोट्यातली दिसली.

अॅडव्होकेट_खोचक | बुधवार, सकाळी ९:००

हरकत. तोपर्यंत ल्यूसिफरने त्याला कुत्र्यासारखं साखळीला बांधून नाचवलेलं असतं, नरकाची गादी गेलेली असते. फट बंद झाली की ल्यूसिफर पलीकडे अडकणार. हरलेल्या माणसाने शत्रूला खड्ड्यात घेऊन जाणं याला त्याग म्हणायचा की सूड?

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:२०

दोन्ही असू नये का, ताई?

अॅडव्होकेट_खोचक | बुधवार, सकाळी ९:२२

असू शकतं. म्हणून तर हरकत घेतली, निकाल दिला नाही.

बटाटेपोहे | बुधवार, दुपारी २:४०

शेवटचा खलनायक तर राहिलाच. चक. मालिकेतला देव, जो मालिकेत लेखकही आहे. चौदाव्या सीझनच्या शेवटी कळतं की या भावांचं रडणं-मरणं हेच त्याचं आवडतं मनोरंजन होतं, आणि हवा तसा शेवट होत नाही म्हटल्यावर तो जगच मोडायला निघतो. पंधराव्यात त्याची शक्ती जाते आणि हे दोघं त्याला न मारता रस्त्यात सोडून निघून जातात. म्हातारा होऊन मर म्हणतात.

कल्पना लई भारी, पण त्यात गुंतागुंत फार नाही. कंटाळलेला आणि हट्टी, बास. मात्र शेंगताईंचा मुद्दा धरला तर साराला कोणी मारलं? क्राउलीने की चकने? की दर बुधवारी पुढे काय होतंय म्हणून डोळे लावून बसणाऱ्या आपण?

ठाकुर्ली_फास्ट | बुधवार, दुपारी २:५५

मी कोणाला मारलेलं नाही, मी डोंबिवलीत होतो.

शेवग्याची_शेंग | बुधवार, रात्री ९:४५

प्रेक्षकाला आरोपी करून मोकळं होणं मला जरा सोपं वाटतं, पोहे. सगळेच दोषी म्हटलं की कोणीच दोषी राहत नाही, आमच्या घरात हेच व्हायचं. मी क्राउलीचंच नाव लिहीन.

आणि एमीबद्दल मी अजून बोलले नाही, डोकं फुटायच्या आत बोलते. दोष एमीचा. ठाकुर्लीवाल्यांच्या कारणाने नाही. तिला शवागारातली नोकरी होती, म्हणजे दुसरी वाट शोधायची अक्कल आणि सवय दोन्ही होती. तिने आयुष्यभर ती वाट धरली आणि एका रात्री सोडली. मी आई आहे. मीही सोडली असती. आणि माझाही दोष असता.

गुरुजी_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६:३०

शेंगताई, नमस्कार करतो.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ७:१५

आता शिफ्ट सुटली, कॅबमध्ये आहे, ऐरोलीच्या पुलावर. ग्रुपवर शेवटी तेवीस जणांनी तक्रारीवर सही करायचं कबूल केलंय. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. खोचकताई, व्यक्तिगत निरोप बघा.

नवखा_आयडी | शुक्रवार, रात्री १२:४०

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. धागा वाचून तो एमीचा भाग आत्ताच पाहिला. डीन त्या मुलाला विचारतो की तू कोणाला मारलंयस का, तो नाही म्हणतो, आणि म्हणतो मारेन तर फक्त तुला. डीन म्हणतो, मोठा झालास की ये. हा पोरगा पुढे कुठल्या सीझनमध्ये परत येतो? तिथपर्यंत पळवत जाईन म्हणतो.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४:३०

येत नाही. त्यानंतर आठ सीझन झाले, एकदाही नाही. २०११ मध्ये दहा-बारा वर्षांचा दिसत होता, आता पंचविशीचा असेल.